एकशे सात

परत आलेली तीन खोकी कामाच्या खोलीत मधोमध ठेवली होती आणि घरातली माणसं त्यांच्याभोवती गोल करून बसली होती. उघडायला मात्र कोणी पुढे होईना. शेवटी अक्काने पदर खोचला. ती या घराची थोरली लेक. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काचेखाली पेशी मोजण्यात तिचं आयुष्य गेलेलं; तिला एकशे आठ मण्यांचं काय भय!

"दोनशे चाळीस माळा आणि आपण पाच माणसं," ती म्हणाली. "वाटणीला अठ्ठेचाळीस येतात. मोजताना बोलायचं नाही. या घरात ते कोणाला जमत नाही, हे मला माहीत आहे, तरीही."

"आबांना काय सांगितलंयस?" धाकट्या भावाने दादाला विचारलं.

"गोमुख्यांची शिवण उसवली म्हणून माल परत आलाय, असं सांगितलंय," दादा म्हणाला. बोलताना त्याने उगाचच दाराकडे पाहिलं. आबा, म्हणजे या भावंडांचे वडील, बाहेर दुकानावर बसले होते. "त्यांनी ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत."

वहिनीने मान खाली घातली. गोमुख्या तिने शिवल्या होत्या. जप करताना माळेचा हात ज्यात झाकून ठेवायचा, ती कापडी पिशवी म्हणजे गोमुखी. तिची एक शिवण आजवर उसवलेली नव्हती, आणि आज नवऱ्याने खुशाल तिच्या सुईच्या नावावर बिल फाडलं होतं. पण ते खरं कारण सांगण्यापेक्षा बरं होतं. ती घरातली एकुलती एक सून, दादाची बायको. दिरासाठी वहिनी. दिराचं ऐकून टपालवाला, समोरचा शिंपी, गिऱ्हाइकं असे सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले होते. कोणी नावाने हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, की ही कोण बाई बुवा!

खरं कारण परवा फोनवरून आलं होतं. ध्यानकेंद्राच्या संचालिकाबाई फार सभ्यपणे बोलल्या, त्यामुळे ते जास्तच लागलं. त्यांच्याकडे साठ माणसं एकत्र बसून जप करायची. एक नाम, एक मणी, सगळ्यांचा एक सूर. "आणि शेवट आला की पंधरा-वीस जण एक नाम आधीच मेरूमण्याला पोचतात आणि डोळे उघडून बाकीच्यांकडे बघत बसतात," बाई म्हणाल्या. "आधी आम्हाला वाटलं, ही माणसं उतावीळ आहेत. त्यांना दोन दिवस मी मनाच्या स्थिरतेवर व्याख्यान दिलं. मग एकाने माळ मोजून दाखवली. एकशे सात मणी." उद्या दुपारी त्यांची गाडी येणार होती आणि परवापासून त्यांचं नवं सत्र होतं.

मोजणी सुरू झाली. दादा लेथवर मणी कातणारा माणूस, त्याची बोटं जाड, त्याला एका मण्याऐवजी दोन मणी सरकायचे. तो पन्नासाला आला की "थांब, थांब" असं स्वतःलाच म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. धाकटा कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करत हिंडायचा. त्याने मण्यांचे दहा-दहाचे गट पाडले आणि मग कुठल्या गटात होतो तेच विसरला. अक्का ओठ मिटून झपाझप उरकत होती. आणि आत्याबाई, म्हणजे आबांची थोरली बहीण, वय वर्षं ब्याऐंशी, कानाने अर्धी गेलेली, ती आकडे म्हणेचना. माळ हातात आली की तिच्या तोंडी नामच यायचं.

"आत्या, मोजायचंय, जप नाही करायचाय!" अक्का ओरडली.

"मी मोजतेच आहे. तुमच्या आकड्यांनी कधी कोणाचं भलं झालंय?"

वहिनीच्या हातून माळा सरकत होत्या तेव्हा तिला प्रत्येक गाठ ओळखू येत होती. घरात कामाची वाटणी ठरलेली होती. दादा मणी कातायचा. वहिनी एकशे आठ मण्यांची एकेक पुडी बांधायची. आबा पुडी घेऊन ओवायला बसायचे. एक मणी, एक गाठ, मनात एक नाम. आणि शेवटी मेरू. मेरू म्हणजे सगळ्यांत मोठा मणी, जिथे माळेची दोन्ही टोकं एकत्र येतात. जप करणारा मेरू ओलांडत नाही, तिथून माळ फिरवून उलटा परततो. म्हणून त्या गाठीवर सगळ्यात जास्त ओढ. तिथली गाठ सैल तर माळ गेलीच म्हणायची. या घरात मेरू आधी आबांच्या वडिलांनी बांधला, मग साठ वर्षं आबांनी. घरात जन्मलेल्या माणसानेच तो बांधायचा, अशी रीत होती. दादाने एकदा प्रयत्न केला होता. ती माळ गिऱ्हाइकाच्या हातात पोचायच्या आधी दुकानातच सुटली, तेव्हापासून त्याने त्या कामाला दुरून नमस्कार केला.

आबांच्या पुढे कोण, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडलेला होता. विचारला कोणीच नव्हता.

अकराच्या सुमाराला मोजणी संपली. भिंतीकडे बरोबर माळांचा ढीग होता, खिडकीखाली कमी भरलेल्यांचा.

"एकाहत्तर," अक्काने सांगितलं. "सगळ्यांत एकशे सातच. एकही जास्त नाही, एकही एकशे सहा नाही."

"म्हणजे शंभरातल्या तीस," धाकटा म्हणाला. "एखाद दुसरी असती तर नजरचूक म्हणालो असतो."

दादा गुडघ्यावरचा लाकडाचा भुसा झटकत राहिला. तो मघाशीच झटकून झाला होता.

"मागच्या खेपेला मी इथे आले होते तेव्हा आबा मला म्हणाले, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात," अक्का जरा हळू आवाजात म्हणाली. "तेव्हाच मला शंका आली होती. आता मोजणीही सुटायला लागली. हे असंच सुरू होतं. आधी आकडे जातात, मग नावं, मग माणसं. मी रोज बघते. आबांना माझ्याकडे पाठव, दादा."

"आणि तुझ्याकडे काय करतील? तिसऱ्या मजल्यावरून रहदारी बघतील?"

"मग काय, इथे बसून माळा बिघडवू देत?"

"माळा बिघडवू देत म्हणजे? बाप आहे तो आपला!"

"म्हणूनच बोलतेय ना! आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून काय दात दुखतोय हे सांगायचंसुद्धा नाही?"

धाकट्याने मध्ये हात घातला. एरवी तो अक्काच्या बाजूने असायचा. आज त्याला दोघांनाही शहाणं करायचं होतं. "हे बघा, आबा थांबले तर अडणार मेरूपाशीच ना? मग मेरूच बदलू. पितळी टोपी मिळते. दोन्ही दोरे आत घालायचे आणि स्क्रू आवळायचा. गाठ नाही, कटकट नाही. कोणीही बांधेल."

आत्याबाईला नको तेव्हा सगळं ऐकू यायचं. "स्क्रूची माळ?" ती म्हणाली. "बाळ ती बघून आधी मरेल आणि मग उठून तुला मारेल." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या भावाला ती अजून बाळच म्हणायची. "आणि एवढं डोकं कशाला फोडताय? ही बांधते की मेरू."

"कोण ही?"

"ही, सून. स्वयंपाकघरातल्या खणाच्या कडीला दोरा अडकवून रोज दुपारी बांधते आणि सोडते. तुम्हाला वाटतं मी झोपलेली असते."

चारी डोकी वहिनीकडे वळली. तिला कानापर्यंत गरम झालं.

"अगं, खरंच?" दादाने विचारलं.

"असंच आपलं," ती म्हणाली. "दुपारचा रिकामा वेळ असतो ना."

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं."

"वहिनी," धाकटा म्हणाला, "या घरात तुला तीन वर्षं रिकामा वेळ मिळाला, यावर माझा आधी विश्वास बसू दे."

अक्का हसली नाही. तिने खिडकीखालच्या ढिगातली एक माळ उचलली, मेरू सोडला आणि दोन्ही टोकं वहिनीच्या पुढ्यात टाकली. "बांध बघू."

वहिनीने बोट ओठाला लावून ओलं केलं. दोन्ही दोरे मेरूतून काढले, तीन वेढे घेतले आणि ओढलं. गाठ बसली. अक्काने ती नखाने उकरून पाहिली, दाताने ओढून पाहिली, उजेडात धरून पाहिली.

"आबांच्या हातची वाटते," ती शेवटी म्हणाली.

बावीस वर्षांत नणंदेने तिच्या कुठल्याच गोष्टीला 'बरं आहे' याच्यापुढे शब्द खर्च केला नव्हता. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिने गोमुख्या गोळा करायला घेतल्या. तिच्या पाठीमागे घराचा निकाल लागत होता. अक्का म्हणत होती, रीत माणसांनी केलेली असते, माणसांनीच बदलायची. दादा म्हणत होता, आबांना दुखवायचं नाही, पण आजपासून ओवणं आणि मेरू दोन्ही हिच्याकडे द्यायचं. धाकट्याने स्क्रू मागे घेतला. एरवी ही भावंडं खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर एक होत नसत. आज तिच्यावर एक झाली होती. तिला आनंद झाला होता. अगदी खरा, उघडा आनंद, लहानपणी शर्यतीत पहिली आल्यावर व्हायचा तसा.

गोमुखीच्या आतल्या शिवणीला ती शाईने एक बारीक आकडा घालायची. मणी कुठल्या पोत्यातले आहेत तो आकडा. पुढे कोणाला जोडीची माळ हवी असली तर लाकडाचा रंग जुळवता यावा म्हणून. कमी भरलेल्या माळांच्या गोमुख्या घडी करताना तिच्या नजरेला तो आकडा आला. चार. दुसरीवरही चार. तिसरीवर चार. तिने घडी घालायची सोडून दिली आणि नुसत्या शिवणी उलटून बघायला लागली. चार, चार, चार. भिंतीकडच्या ढिगात एक होते, दोन होते, तीन होते. त्यात चार एकही नव्हता.

ओवणारा तोच, हात तेच, डोळे तेच. मग आबांची मोजणी नेमकी चौथ्या पोत्यापाशीच कशी सुटली?

चौथं पोतं कुठे ठेवलं होतं ते तिला आठवलं. न्हाणीघराच्या भिंतीला. त्या भिंतीतली नळी महिनाभर गळत होती, भिंतीचे पोपडे सुटले होते आणि पोत्याला हात लावला तर गार लागायचं. आणि दुसरी गोष्ट तिला आठवायची गरज नव्हती, ती तिला रोज माहीत होती. ती मणी मोजतच नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी धाकट्याने तिला छोटा डिजिटल काटा आणून दिला होता. "एकशे आठ मणी एकदा मोज, वजन लिहून ठेव, पुढे नुसती वजनावर पुडी बांध," तो म्हणाला होता. कडक उन्हाळ्यात तिने एक पुडी मोजून वजन घेतलं होतं. एकतीस ग्रॅम. तेव्हापासून सगळ्या पुड्या एकतीस ग्रॅमच्या. आबांचा दंडक होता की प्रत्येक मणी बोटांतून गेला पाहिजे. म्हणून तो काटा पिठाच्या डब्यामागे राहायचा आणि आबा दुकानात असतानाच बाहेर निघायचा. त्या काट्यामुळे तिचं रोज दोन तास मान मोडणं वाचलं होतं. ते दोन तास म्हणजेच तिचा दुपारचा रिकामा वेळ. मेरू शिकायला लागून तिला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती, पण हात बसला तो त्यानंतर.

ओल्या लाकडाचं वजन जास्त. मणी फुगला, जड झाला, आणि एकशे सातांतच एकतीस ग्रॅम भरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं सगळं घर आबांच्या डोक्यात चूक शोधत होतं आणि ती तिच्या पिठाच्या डब्यामागे होती.

आता कथा सांगणाऱ्याने खोटं बोलू नये. वहिनी लगेच उठून बोलली नाही. तिने गोमुख्यांची घडी घातली, आकडे आत गेले. तिच्या मनात आलं की आबांची बोटं नाहीतरी गेलीच आहेत, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. सुंठेवाचून खोकला गेला होता, त्याला परत बोलवायचं कशाला? आपण काही कोणाचं नाव घेतलं नाही. आपण फक्त गप्प बसायचं आहे. गप्प बसण्यात या घरात तिच्याइतका तरबेज कोणी नव्हता.

"मी बोलावतो त्यांना," दादा म्हणाला आणि उठला.

पण आबा दारात आलेच होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी खोलीकडे पाहिलं, दोन ढिगांकडे पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"कसल्या, आबा? गोमुख्या ना, त्या..."

"सूनबाईची शिवण उसवत नाही. किती माळा कमी आहेत?"

"एकाहत्तर," अक्का म्हणाली.

"मला वाटलं, जास्त असतील." ते आपल्या जागेवर जाऊन बसले. तिथे त्यांचा पाट होता, मेणाची गोळी होती, टोचा आणि कातर होती. त्यांनी एकेक वस्तू उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "मला माहीत होतं. महिना झाला."

"माहीत होतं?"

"साठ वर्षं एका गाठीला एक नाम घेतोय मी. आकडे मोजायची मला गरजच पडली नाही कधी. मेरू आला की नाम संपतं, आपोआप. जिभेलाच ठाऊक. मागच्या महिन्यात एके दिवशी मेरू आला आणि एक नाम उरलं. जिभेवर आलेलं, आणि त्याला मणी नाही. मी पाटाखाली बघितलं, मांडीखाली बघितलं, म्हटलं मणी पडला असेल. नव्हता. दुसऱ्या माळेलाही तेच. तिसऱ्यालाही. तुमची आई शेवटी-शेवटी एकच गोष्ट तीनदा सांगायची, आठवतं ना? तेव्हापासून मला तीच एक भीती. म्हटलं, आली आपली पाळी."

"मग मोजून का नाही बघितलंत, आबा?" धाकट्याने विचारलं.

"मोजलं असतं तर कळलं असतं ना. म्हणून मोजलं नाही."

दादाने तोंड फिरवलं. पेशी मोजणारी अक्का, जी असल्या गोष्टी रोज बघते म्हणाली होती, ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"मी रात्री पडल्या-पडल्या तुमची नावं म्हणतो," आबा म्हणाले. "सगळ्यांची, पोराबाळांसकट. एक तरी गेलं का ते बघायला. अजून गेलं नाही. पण जाईल. तेव्हा तुम्ही काय ठरवलं असेल ते मला मान्य आहे. घ्या हा टोचा. कोणाच्या हातात द्यायचा तेवढं सांगा."

त्यांनी टोचा पुढे केला. आणि दादाने बायकोकडे बोट दाखवलं.

वहिनीला तीन वर्षं हेच हवं होतं. टोचा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखसुद्धा नव्हतं. परीक्षेत नापास झालेलं मूल निकाल घेऊन घरी येतं तसा तो चेहरा होता. आणि तो निकाल तिचा होता, त्यांचा नव्हता.

"आबा, तुमचं डोकं ठीक आहे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की आत्याबाईसुद्धा दचकली. "नाम बरोबर होतं. मणीच कमी होते. मी दिलेल्या पुडीतच एकशे सात होते."

"सूनबाई, मला बरं वाटावं म्हणून..."

"नाही हो! मी मोजत नाही. आठ महिने झाले, मी पुड्या वजनावर बांधते. तुमच्यापासून लपवून." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाने पांढरा झालेला काटा आणून तिने आबांच्या पाटावर ठेवला. दुसऱ्या हातात चौथ्या पोत्यातली, अजून न ओवलेली पुडी होती. "या सगळ्या कमी माळा चौथ्या पोत्यातल्या आहेत, गोमुख्यांवर आकडे आहेत, बघा. ते पोतं ओल्या भिंतीला होतं. मला मघाशी कळलं. अर्धा तास मी गप्प बसले. तेही सांगते, कारण ते जास्त वाईट आहे."

धाकट्याचा चेहरा पडला. "काटा मी दिला होता," तो पुटपुटला.

"तू दिलास, मी वापरला, मीच लपवला. तू गप्प बस," वहिनी म्हणाली. एवढ्या वर्षांत ती दिराला पहिल्यांदाच असं बोलली असेल.

अक्काने पुडी काट्यावर ठेवली. एकतीस. मग तिने पुडी फोडून मणी पाटावर ओतले. "मी मोजते."

"नको," आबा म्हणाले. "मला मोजू दे."

ते एकेक मणी या बाजूचा त्या बाजूला सरकवत राहिले. ओठ हलत होते. शेवटचा मणी सरकला, पाट रिकामा झाला आणि आबांचे ओठ आणखी एकदा हलले. नाम उरलं होतं.

"एकशे सात," अक्का म्हणाली. तिनेही मनात मोजलंच होतं. "काटा वजन सांगतो, मणी नाही मोजत. ओलं लाकूड जड होतं. आबा, यात तुमची काहीएक चूक नाही. या घरात मोजता येणारे तुम्ही एकटेच होतात. महिन्याभरापूर्वी पहिल्याच माळेला तुम्हाला कळलं होतं."

आबांनी काट्याकडे पाहिलं, मण्यांकडे पाहिलं, आणि हसायला लागले. सुरुवातीला नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग हसता-हसता डोळे वाहायला लागले आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. दादा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "म्हणजे मी वेडा नाही," ते पुन्हा-पुन्हा म्हणत होते. "अगं ताई, ऐकलंस का, मी वेडा नाही झालो!"

"झाला होतास कधी?" आत्याबाई म्हणाली. "तू लहानपणापासून होतास तितकाच आहेस."

हसणं ओसरलं तसे आबा वहिनीकडे वळले. "काटा लपवलास."

"हो."

"आठ महिने."

"हो, आबा."

"त्याबद्दल मी तुला बोलणार आहे. पोटभर बोलणार आहे. पण आज मला फार बरं वाटतंय, आज ते नीट जमणार नाही. उद्या गाडी गेली की बोलेन." त्यांनी काटा उचलून धाकट्याच्या मांडीवर ठेवला. "हा तुझा तू घेऊन जा. किराणा मोज यावर."

वहिनी मान खाली घालून ढिगाकडे निघाली. आबांचं डोकं शाबूत होतं आणि मेरू अर्थात आबांचा होता. तिला वाईट वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण छातीवर अर्ध्या तासापासून जे दडपण होतं ते गेलं होतं आणि त्या जागी तिला चक्क भूक लागली होती.

"कुठे चाललीस?" आबा म्हणाले.

"मेरू सोडून ठेवते. एकेक मणी वाढवायचा आहे ना. तुम्ही बांधाल."

"एकाहत्तर? उद्या दुपारपर्यंत?" त्यांनी दोन्ही हात वर केले. बोटांची टोकं पांढुरकी पडलेली होती. "डोकं ठीक आहे माझं. बोटं ठीक आहेत असं मी कधी म्हटलं? वेढा बसला की नाही, मला कळत नाही आता. डोळ्यांनी बघून बांधतो. एकाला पाव तास लागतो." ते पाटावरून थोडे सरकले. "इकडे ये. बस."

वहिनी पाटाच्या कडेला टेकली.

"नीट बस. मेरू टेकून बांधत नाहीत."

अक्काने एकशे आठवा मणी ओवून माळ पुढे केली. वहिनीने बोट ओलं केलं, दोरे काढले, तीन वेढे घेतले, ओढलं. आबांनी माळ डोळ्यांजवळ नेली.

"हे काय आहे?"

"गाठ."

"ही गाठ बूट बांधायला ठीक आहे. वेढे उलटे घेतलेस. जप करणारा माळ आत ओढतो, तू वेढा बाहेर काढलास. रोज थोडी सुटेल. वर्षभराने एक दिवस हातात येईल." त्यांनी टोच्याने गाठ सोडवली. "कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही बांधताना समोर बसून बघत होते."

"समोर बसून? म्हणजे सगळं उलटं बघितलंस. तीन वर्षं!" ते पुन्हा हसायच्या बेतात आले होते पण त्यांनी आवरलं. "अक्का, तू मघाशी ही गाठ पास केलीस ना? तुझ्या प्रयोगशाळेत माझं रक्त देणार नाही मी."

अक्का लाजली. ते दृश्य बघायला दादाने पैसे मोजले असते.

"पुन्हा," आबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला वेढे सुलटे आले पण तिसरा दुसऱ्यावर चढला. आबांनी सोडवली. तिसऱ्या खेपेला गाठ बसली, पण ओढ एकाच दोऱ्यावर आली. तीही सोडवली. दादा मणी निवडायला बसला होता, धाकटा मेरू सोडत होता, अक्का एकेक मणी वाढवत होती, आत्याबाई जप करत होती की मोजत होती ते कोणी विचारलं नाही. बाहेर दुकानावर कोणीतरी हाक मारली आणि उत्तर न मिळाल्यामुळे निघून गेलं. चौथी गाठ सुटली. पाचवी सुटली. वहिनीच्या बोटाची कड दोऱ्याने कापली, तिने ते बोट तोंडात घातलं आणि पुन्हा दोरा धरला.

सहाव्या गाठीला आबांनी माळ घेतली, मेरू चिमटीत धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. मग आणखी एकदा, जोर लावून. टोचा त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो खाली ठेवला, माळ गोमुखीत घातली, गोमुखी खोक्यात टाकली.

"पुढची घे," ते म्हणाले.

तिने आजवर कितीदा मनात ठरवलं होतं, की असं झालं तर आपण खूप रडायचं. पण अजून सत्तर बाकी होत्या.